ओट्यावरचे पंचकोन

दोस्तांनो, अंक जरा बाजूला ठेवा आणि पायाखालची फरशी बघा. मधे फट नाही, एकावर एक चढलेली नाही! चौरस असे बसतात, त्रिकोण बसतात, षटकोनही बसतात (मधमाशांचं पोळं आठवा). मग पंचकोन?

पुठ्ठ्याचे सारख्या बाजूंचे, सारख्या कोनांचे पंचकोन कापून जुळवा बरं. एका बिंदूभोवती ३६० अंश भरायचे असतात. चौरसाचा कोन ९० अंशांचा, म्हणून चार बसले. पंचकोनाचा १०८ अंशांचा. तीन ठेवले की ३२४ झाले, उरले ३६. त्या फटीत चौथा शिरतोय कशाला!

पण बाजू लहानमोठ्या केल्या तर? आपण चित्रात घर काढतो, चौरसावर त्रिकोणी छप्पर, तोही पंचकोनच. एक रांग सुलटी, एक उलटी ठेवली की मजेत बसतो. असे बसणारे प्रकार किती? १९१८ साली कार्ल राइनहार्ट यांनी पाच शोधले. १९६८ साली रिचर्ड कर्शनर यांनी आणखी तीन शोधले आणि सांगून टाकलं, यादी पूर्ण!

१९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात हे लिहिलं. लगेच रिचर्ड जेम्स या वाचकाने नववा प्रकार कळवला. हे मासिक कॅलिफोर्नियात मार्जोरी राइस यांच्या घरीही यायचं, तेही मुलासाठी. बाई गृहिणी, गणित शिकलेल्या शाळेपुरतंच. त्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आकृत्या काढत आणि कुणी आलं की झाकून ठेवत! गणितज्ञांच्या खुणा माहीत नव्हत्या, म्हणून स्वतःच्या खुणा बनवल्या. गार्डनर यांनी ते कागद गणितज्ञ डोरिस शॅटश्नायडर यांच्याकडे पाठवले. आधी त्यांनाही काही उलगडेना. तपासलं तर सगळं बरोबर! १९७७ संपेपर्यंत राइसबाईंचे चार नवे प्रकार झाले होते. पुढे १९९९ साली अमेरिकेतल्या गणिताच्या एका मोठ्या संस्थेने आपल्या वॉशिंग्टनच्या इमारतीत त्यांच्याच पंचकोनांची फरशी बसवली.

चौदावा प्रकार १९८५ साली मिळाला, पंधरावा २०१५ साली, संगणकाच्या मदतीने. २०१७ साली मिशेल राव यांनी दाखवून दिलं, की कोपरा आत न वळलेल्या पंचकोनांचे आणखी प्रकार नाहीतच.

आता तुमची पाळी. कसाही वेडावाकडा चौकोन काढा, तंतोतंत त्याच मापाचे दहा-बारा कापा आणि जुळवून बघा. अडलात तर चारही कोनांची बेरीज करा.