फेरफार : संगणकाच्या भांडारातले
(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लेख लिहावा हे काही मंडळींना आगाऊपणाचे वाटेल. पण हा विषय यंत्राचा कमी आणि इतिहासाचा अधिक आहे, आणि इतिहास हा तर आमचा हक्काचा प्रांत! एखादी गोष्ट कोणी, कधी आणि का बदलली याची नोंद कशी ठेवावी, आणि ती नोंदच गुंतागुंतीची झाली तर वाचावी कशी, असा हा प्रश्न आहे.

संगणकाची मोठी आज्ञावली एकटा माणूस लिहीत नाही. शेकडो माणसे वर्षानुवर्षे एकाच मजकुरात भर घालतात, खोडतात, दुरुस्त्या करतात. या बदलांचा हिशेब ठेवणारी साधने म्हणजे आवृत्ती-नियंत्रणाची साधने. १९७२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस नावाचे असे साधन तयार केले. पुढे आरसीएस, सीव्हीएस, सबव्हर्जन अशा पिढ्या झाल्या, आणि एप्रिल २००५ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिले. आज बहुतेक ठिकाणी तेच चालते.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे समजायला अवघड नाही. सातबाराचा उतारा पाहावा. जमीन आज कोणाच्या नावे आहे ते त्यावर दिसते. पण नावाशेजारी फेरफार क्रमांक असतात. ते घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही, उघडली की सगळी हकीकत कळते. आजोबा वारले, वारस लागले, आत्याने हक्क सोडला, भावांत वाटणी झाली. जुन्या नावाला कंस होतो, ते पुसले जात नाही. आमच्या घरात हा कागद वाचता येणारा पहिला माणूस मीच, त्यामुळे हे काम बरेचदा माझ्याकडे येते. गिटमधले ‘कमिट’ म्हणजे असाच एक फेरफार : बदलानंतर सगळा मजकूर कसा होता, बदल कोणी केला, कोणत्या दिवशी, कशासाठी. शिवाय प्रत्येक कमिट आपल्या आधीच्या कमिटचे नावही सांगते, म्हणजे साखळी तयार होते.

साखळी सरळ असती तर हा लेख लिहायचे कारणच नव्हते. पण काम करणारे अनेक, म्हणून साखळीला शाखा फुटतात. आणि जमिनीच्या उलट, येथे वाटणी झालेले भाऊ रोज पुन्हा एकत्र येतात. त्या एकत्र येण्याला ‘मर्ज’ म्हणतात. मर्ज करताना गिट दोन्ही शाखांचा सर्वांत जवळचा समाईक पूर्वज शोधते आणि त्याच्यापासून कोणी काय बदलले ते पाहते. एकानेच बदलले असेल तर तो बदल घेते. दोघांनीही एकच ओळ निरनिराळी बदलली असेल तर हात टेकते आणि निवाडा माणसावर सोपवते. आता दोन शाखांनी एकमेकींना आडवेतिडवे मर्ज केले असेल, तर जवळचे पूर्वज दोन निघतात. मग? गिट त्या दोन पूर्वजांचेच आधी मर्ज करते आणि त्यातून निघालेला कल्पित पूर्वज पुढच्या कामासाठी वापरते. असा पूर्वज प्रत्यक्षात कधी नव्हताच, पण त्याच्यावाचून भांडण मिटत नाही!

फाईलचे नाव बदलले तर गिट त्याची वेगळी नोंद ठेवत नाही. जुनी फाईल गेली आणि नवी आली, दोघींतला निम्मा किंवा अधिक मजकूर सारखा आहे, तर ती तीच फाईल असावी असा अंदाज ते बांधते. मोठ्या भांडारात हा अंदाज फार वेळ खात असे. एलायजा न्यूरेन यांनी मर्जची ही यंत्रणाच नव्याने लिहिली आणि २०२१ पासून तीच नेहमीची झाली.

खरा वाद पुढेच आहे. इतिहास असा झाडाच्या मुळांसारखा गुंतला की तो पुन्हा लिहून सरळ करावा, असा मोह होतो, आणि गिट तसे करूही देते. आमच्या वसतिगृहातला संगणक शाखेचा मित्र याच मताचा आहे. मला ते पटत नाही. प्रत्येक कमिटला चाळीस अक्षरांचे एक ओळखनाव असते आणि ते आधीच्या कमिटच्या नावावरही अवलंबून असते. म्हणून जुने एक कमिट बदलले की त्याच्या पुढच्या सगळ्यांची नावे बदलतात, आणि ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्यांचा ताळमेळ तुटतो. स्वतःच्या टेबलावरचा कच्चा खर्डा नीट करून द्यावा, त्याला कोणाची हरकत नाही. पण चार लोकांच्या हाती गेलेली नोंद जशी घडली तशीच राहू द्यावी. सुधारणा करायची ती वाचण्याच्या साधनांत.

तशा सुधारणा झालेल्याही आहेत. ‘ब्लेम’ नावाची आज्ञा कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते सांगते. (नाव जरा कडू आहे, पण तीच आज्ञा श्रेयही सांगते.) एखाद्याने सबंध मजकुराची केवळ समासाची जागा बदलली की हजारो ओळींवर त्याचेच नाव येई आणि मूळ लेखक झाकले जात. २०१९ मध्ये ब्लेमला सोय मिळाली : अमुक कमिटे वगळून वाच, असे तिला सांगता येते. इतिहासाला कोणी हात लावला नाही. फक्त चष्मा बदलला. लिनक्सचेच पाहा. त्याचा गिटमधला इतिहास एप्रिल २००५ पासून सुरू होतो. त्याआधीचा इतिहास इतरांनी वेगळ्या भांडारात जमवला आहे, आणि ‘रिप्लेस’ या आज्ञेने तो आपल्यापुरता जोडून वाचता येतो. मुख्य साखळीतल्या एकाही कमिटचे नाव त्यामुळे बदलत नाही.

पण सगळे भांडारच एका साधनातून दुसऱ्यात न्यायचे असेल, तर केवळ चष्म्याने भागत नाही. आमच्याकडे जमिनींचे एकत्रीकरण होऊन सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, तसाच हा प्रकार. जुना दस्त जुना नंबर सांगतो, नवा उतारा नवा, आणि दोघांचा मेळ घालणारा तक्ता सापडेपर्यंत माणूस चकरा मारत राहतो. जीसीसी या प्रसिद्ध आज्ञावलीवर ही वेळ दोनदा आली. १९८७ साली बाहेर आलेल्या या आज्ञावलीत १९९७ मध्ये फूट पडून ईजीसीएस हा वेगळा प्रवाह निघाला आणि १९९९ मध्ये तोच अधिकृत ठरला. २००५ मध्ये ती सीव्हीएसमधून सबव्हर्जनमध्ये आणि जानेवारी २०२० मध्ये गिटमध्ये गेली. तोवर नोंदी २,८०,००० वर गेल्या होत्या. सीव्हीएस प्रत्येक फाईलचा इतिहास सुटा ठेवी. त्यामुळे तेच नाव, तोच शेरा आणि जवळची वेळ पाहून कोणते बदल एकाच कामाचे होते ते ताडावे लागे. सबव्हर्जनमध्ये २००८ पूर्वी मर्जची नोंदच होत नसे. या शेवटच्या स्थलांतरासाठी एरिक रेमंड यांचे रिपोसर्जन हे साधन वापरले, आणि हा पसारा पेलेना म्हणून ते साधनच पायथॉन भाषेतून गो भाषेत नव्याने लिहावे लागले.

या कामातली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. सबव्हर्जनच्या नोंदीत एकच नाव असे, ते बदल भांडारात दाखल करणाऱ्याचे. ज्यांना दाखल करण्याचा अधिकार नव्हता, ज्यांनी बाहेरून दुरुस्ती लिहून पाठवली, त्यांची नावे तेथे नव्हती. गिटमध्ये लेखक आणि दाखल करणारा यांचे रकाने वेगळे असतात. जीसीसीच्या मंडळींत पूर्वीपासून चेंजलॉग नावाची एक साधी वही लिहिण्याचा रिवाज होता. तारीख, लेखकाचे नाव आणि काय बदलले, एवढेच तीत असे. स्थलांतर करताना ती वही वाचून खऱ्या लेखकांची नावे त्यांच्या रकान्यात घातली गेली. जेथे वहीतून नाव निघाले नाही, तेथे आजही दाखल करणाऱ्याचेच नाव दोन्ही रकान्यांत आहे.