म्हैसूरचे चापाचे पिस्तूल

म्हैसूर शहरापासून सुमारे 45 किलोमीटरवर, कावेरीच्या वळणावर तलकाड हे प्राचीन गाव आहे. एके काळी ही गंग राजांची राजधानी होती. पुढे ती चोळांनी जिंकली आणि बाराव्या शतकाच्या आरंभी होयसळ विष्णुवर्धनाने त्यांच्याकडून घेतली. आज तेथील जुनी देवळे वाळूच्या टेकड्यांत अर्धीअधिक बुडालेली दिसतात. लोककथा या वाळूचा संबंध 1610 सालाशी जोडते. त्या वर्षी राजा वोडेयराने श्रीरंगपट्टण घेतले. तेथील विजयनगरच्या प्रतिनिधीची पत्नी अलमेलम्मा हिच्या दागिन्यांसाठी राजाची माणसे आली, तेव्हा ‘तलकाड वाळू होवो’ असा शाप देऊन तिने जवळच्या मालंगीपाशी कावेरीत उडी घेतली, असे सांगतात.

त्याच सुमारास दूर फ्रान्समध्ये एक निराळीच घटना घडत होती. मारँ ल बूर्झ्वा या कारागिराच्या नावाशी निगडित असलेला गारगोटीचा चाप तेथे आकार घेत होता. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीच संबंध नव्हता. परंतु पावणेदोनशे वर्षांनंतर याच कावेरीच्या काठी, श्रीरंगपट्टणच्या कारखान्यात, तो चाप बसविलेली पिस्तुले घडू लागली.

या चापाची रचना समजण्यास अवघड नाही. घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा घट्ट धरलेला असतो. चाप ओढताच घोडा पोलादी पत्र्यावर आपटतो, ठिणग्या उडतात आणि बाजूच्या वाटीतील रंजक पेटते. ती आग लहानशा छिद्रातून नळीत शिरते व आतील दारू गोळीला बाहेर फेकते. तोड्याच्या बंदुकीप्रमाणे जळती वात जवळ बाळगावी लागत नसल्यामुळे हे हत्यार घोडेस्वाराला विशेष सोयीचे झाले. तथापि त्याच्या मर्यादाही मोठ्या होत्या. गोळी एकच, नेम धरावा तर वीस-पंचवीस पावलांच्या आत, आणि पावसाने रंजक भिजले, की सारा खेळ संपला. पुन्हा ठासावयास अर्धा मिनिट तरी लागे आणि धावत्या घोड्यावर ते जवळजवळ अशक्यच. म्हणून स्वार खोगिराच्या पुढे दोन पिस्तुले बाळगी. दोन्ही झाडून झाली, की हात तलवारीकडे जाई.

टिपू सुलतानाने या जोडीलाच कलेचे रूप दिले. श्रीरंगपट्टण, बिदनूर यांसारख्या ठिकाणी त्याने शस्त्रांचे कारखाने चालविले. 1787 मध्ये त्याने फ्रान्सकडे वकील पाठविले, त्यांच्या मागण्यांत कसबी कारागीरही होते. त्याच्या पिस्तुलांच्या काही जोड्यांत एकाचा चाप उजवीकडे, तर दुसऱ्याचा डावीकडे आहे. त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवली असता एक दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब वाटते. वाघाचे मुख, वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची नक्षी, सोन्यारुप्याचे काम आणि पैगंबरांच्या जन्मापासून मोजलेल्या मौलूदी सनाचे आकडे ही त्यांची ओळख. युरोपातील कारागीर जे करतो ते म्हैसूरचा कारागीरही करू शकतो, हे त्या जोडीतून राजाला दाखवावयाचे होते.

मात्र युद्धाचा निकाल पिस्तुलाने लागत नसतो. 1791 च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिसने श्रीरंगपट्टणजवळ अरकेरे येथे लढाई जिंकली. पण बैल मेले, धान्य संपले आणि वेढ्याच्या जड तोफा स्वतःच फोडून त्याला मागे फिरावे लागले. वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याला भेटल्या. त्यांच्याबरोबरच्या बाजारात धान्यापासून कापडापर्यंत सारे मिळत होते. भुकेल्या इंग्रजी छावणीला तारले ते त्या बाजाराने.

1799 मध्ये हाच धडा पुन्हा दिसला. 27 मार्च रोजी मळवळ्ळी येथे लढाई झाली. नंतर जनरल हॅरिस अपेक्षित वाटेने न जाता दक्षिणेकडे वळला आणि तलकाडच्या वरच्या अंगाला, थोड्याच मैलांवर असलेल्या सोसले येथील उतारावरून त्याने कावेरी ओलांडली. त्या एका उताराने टिपूचा बेत चुकला. 4 मे रोजी दुपारी किल्ला पडला. समकालीन वृत्तांत सांगतात, की जखमी टिपूच्या रत्नजडित कमरपट्ट्याला एका शिपायाने हात घातला, तेव्हा टिपूने तलवारीचा वार केला आणि शिपायाने त्याच्या कानशिलात गोळी घातली. उत्तम पिस्तुले घडविणाऱ्या राजाच्या हाती अखेरच्या क्षणी तलवारच होती.

त्यानंतर लूट झाली. टिपूची कित्येक शस्त्रे ब्रिटनमधील राजघराण्याच्या व वस्तुसंग्रहालयांच्या संग्रहांत गेली, काही लिलावांतून हस्तांतरित होत राहिली. ज्यांच्या हातांनी ती घडली त्या लोहारांच्या आणि सुतारांच्या वंशजांना ती पाहावयाची, तर समुद्र ओलांडून जावे लागते.

पिस्तुलाची कथा पुढेही चालू राहिली. एकोणिसाव्या शतकात गारगोटीची जागा टोपीने घेतली, 1836 मध्ये अमेरिकेत सॅम्युएल कोल्टने आपल्या फिरत्या कोठ्यांच्या पिस्तुलाचे एकस्व घेतले आणि 1935 मध्ये बेल्जियमच्या सैन्याने तेरा काडतुसांचे ब्राउनिंग स्वीकारले. त्याच घाटणीचे पिस्तूल पुढे बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात भारतीय सैन्यासाठी घडले. हत्यार बदलले, तरी त्याचे काम बदलले नाही. दूरचा शत्रू तोफेने व बंदुकीने अडवावयाचा आणि तो हाताच्या अंतरावर आला, तर हे शेवटचे साधन वापरावयाचे. त्याची मोहिनीही यातच आहे. तोफ साऱ्या सैन्याची असते, पिस्तूल एका माणसाचे. म्हणूनच त्यावर नाव कोरावे, वाघ कोरावा, त्याची जोडी जुळवावी असे माणसाला वाटते.

सोसलेचा उतार कोणी रत्नांनी सजविला नाही आणि तो कोणत्याही संग्रहालयात ठेवलेला नाही. तेथून पुढे आलेली कावेरी तलकाडच्या वाळूला वळसा घालून आजही वाहते आहे. म्हैसूरचे भवितव्य ठरले ते तिच्या पाण्यात. वाघमुखी पिस्तुलांनी त्या राज्याच्या कारागिरांचे कौशल्य तेवढे मागे ठेवले.