कचरा उचलणाऱ्या कामगारांचे प्राणवह स्रोतस

कास-श्वासाचा रुग्ण समोर बसला की आपण त्याचा आहार, कोष्ठ, निद्रा यांची बारकाईने चौकशी करतो. व्यवसायाचा प्रश्न मात्र केसपेपरवरील एका शब्दात आटोपतो. तेथे ‘मजुरी’ असे लिहिले गेले की घंटागाडीच्या मागे उभा राहून कचरा दाबणारा कामगार नजरेआड होतो. चरकाचार्यांनी श्वासाच्या हेतूंत रज व धूम यांची गणना केली आहे. या माणसाचा दिवस त्या दोहोंतच जातो.

दोन दिवस डब्यात कोंडलेल्या ओल्या कचऱ्यातून अमोनियासारखे वायू सुटतात, शिवाय बुरशीचे बीजाणू व जिवाणूंचे एंडोटॉक्सिन धुळीसह उडते. पिशवी फुटताना आणि गाडी रिकामी करताना ते सर्वाधिक श्वासात जाते. चार ते आठ तासांनी थंडी, ज्वर, अंगमर्द, छाती आवळणे अशी लक्षणे दिसू शकतात. सायंकाळी आलेला असा रुग्ण हिवतापाचा समजला जाणे सहज शक्य आहे. सुट्टीच्या दिवशी खोकला उणावतो का, हा एक प्रश्न येथे पुष्कळ काही सांगून जातो.

पेण तालुक्यातील जिते, हमरापूर परिसराला आणखी एक बाब लागू पडते. या भागात घरोघरी गणेशमूर्तींचे काम चालते. प्लास्टर ऑफ पॅरिस हे रासायनिक दृष्ट्या कॅल्शियम सल्फेट होय. त्याची भुकटी व तुकडे स्वयंपाकघरातील कचऱ्यात मिसळून हवाबंद ढिगात ओले राहिले, तर विशिष्ट जिवाणू त्यापासून हायड्रोजन सल्फाइड निर्माण करतात. कुजक्या अंड्याच्या वासाचा हा वायू प्रमाण वाढल्यावर घ्राणशक्तीच बधिर करतो. ‘आता वास येत नाही’ हे कामगाराचे बोलणे म्हणूनच दिलासा देणारे नाही.

ढीग पेटवला की सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड, आणि पीव्हीसी प्लास्टिक जळाल्यास हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ व डायॉक्सिन यांची भर पडते. सुश्रुताचार्यांनी धूमोपहताच्या वर्णनात श्वास, क्षवथु, कास, नेत्रदाह यांसोबत अन्य गंध न कळणे हेही लक्षण दिले आहे. निरीक्षण किती सूक्ष्म असावे!

अशा रुग्णास सितोपलादी, वासावलेह देऊन उपशय मिळतो, पण निदानपरिवर्जनाविना तो टिकत नाही. नाकाला बांधलेला रुमाल पुरेसा नाही. एन-९५ मुखपट्टी कण अडवते, वायू अडवत नाही. खोकला दोन आठवड्यांहून अधिक असल्यास थुंकीची क्षयरोग तपासणी करून घ्यावी, तेथे कालहरण नको.

आता थोडे आपल्या दाराशी. रक्तमोक्षणाचा रक्ताळलेला कापूस, क्षारकर्मातील गॉज, सुया हे सारे घंटागाडीत टाकणारी चिकित्सालये आपल्यातही आहेत, हे मान्य करावयास हवे. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत आयुष रुग्णालयांचा व दवाखान्यांचा स्पष्ट समावेश आहे: कापूस-गॉज पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या, न भेदणाऱ्या डब्यात. औषधनिर्मात्यांनी चूर्णाची चाळणधूळ उघड्या टोपलीत न टाकता ओलसर करून, पिशवीचे तोंड बांधून द्यावी. मुदत संपलेली औषधे नष्ट करण्यासाठी आवारात पेटवून देण्याची रीतही थांबावी. तो धूर प्रथम गाडीवाल्याच्याच छातीत जातो.