निजामाच्या शाळा आणि ‘ब्रेनवॉश’

सतरा सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, जवळ आला की जालन्यात एक वाक्य हमखास कानावर येतं : निजामानं उर्दू शिकवून पोरांचं ब्रेनवॉश केलं. यात दोन गोष्टींची गल्लत आहे.

जालना तेव्हा हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका. वरच्या वर्गांचं माध्यम उर्दू; १९१८ सालच्या उस्मानिया विद्यापीठातही उर्दूच. मराठी मुलांवर तो अन्यायच होता, पण भाषा लादणं निराळं आणि मत डोक्यात ठोकून बसवणं निराळं. भूमिती उर्दूत शिकलं म्हणून कुणी निजामनिष्ठ होत नाही. शाळेत निजामाच्या राज्याचं चिरायुष्य मागणारी प्रार्थना म्हणायची आणि ‘का?’ विचारायचं नाही, हे मात्र मतारोपण. १९३८ मध्ये औरंगाबाद-हैदराबादच्या वसतिगृहांतल्या मुलांनी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. मनाई झाली, ती मोडणाऱ्यांची नावं पटावरून उडाली. पुष्कळजण नागपूरला जाऊन शिकले, पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. उर्दूत शिकलेलीच ही पोरं!

मतारोपणाला अडाणी माणसंच बळी पडतात, हाही भ्रमच. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी अलीगढला शिकलेला, लातूरचा वकील होता.

‘ब्रेनवॉश’ हा शब्द १९५० च्या सुमारास, चीन आणि कोरियाच्या संदर्भात, एडवर्ड हंटर या अमेरिकन पत्रकारानं रूढ केला. त्यात कोठडी, उपासमार, दमदाटी आली. मतारोपणाला यातलं काहीच लागत नाही. जीव लावणारे गुरुजीही ते करू शकतात.

मग पाढे घोकून घेणं हेही मतारोपणच? छे. सात नव्वे त्रेसष्ट हे पोरगं चिंचोके मांडून स्वतः पडताळू शकतं, आणि चुकलं तर गुरुजींनाही सांगू शकतं.

सगळ्यात चिवट गैरसमज शेवटचा : आपण शिकवतो ते संस्कार, समोरचे शिकवतात ते ब्रेनवॉश. निजामी राजवटीत हिप्परग्यासारख्या राष्ट्रीय शाळा निघाल्या, त्यांनीही मुलांना एक मत दिलंच. तिथं स्वातंत्र्याच्या मार्गाबद्दल गुरुजींशी वाद घालता येत होता का, हे त्यांनाही विचारायला हवं. मुक्तिसंग्रामाच्या गौरवाच्या भाषणांत हा प्रश्न सहसा कुणी काढत नाही.