विलापगीतांचा रचनाबंध

बायबलचे काव्य म्हणून परिशीलन केल्यास श्रद्धेस बाध येतो, अशी शंका ज्या भाविकांच्या मनात वसते, त्यांनी ‘विलापगीत’ हे पुस्तक अवश्य उघडावे. इ.स.पूर्व 586 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने उद्ध्वस्त केलेल्या यरुशलेमवरील या 5 शोककाव्यांपैकी पहिली चार हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांच्या अनुक्रमाने रचलेली असून, तिसऱ्यात दर अक्षरास 3 याप्रमाणे 66 वचने येतात. पाचव्यात मात्र वचने 22 असूनही वर्णक्रम साफ सुटतो, आणि अनावर दुःखापुढे रचनेची शिस्तही तेथे हतबल झाली, असे मला तरी वाटते. हिब्रू काव्यातील समांतर चरणांची मीमांसा 1753 मध्ये प्रसिद्ध करणारे रॉबर्ट लाउथ पुढे लंडनचे बिशप झाले, काव्यदृष्टी श्रद्धेच्या आड येत नाही याचा हा दाखला पुरेसा बोलका आहे. ही पाचही गीते एकदा सलग, मोठ्याने वाचावीत, अशी माझी विनंती आहे.