डोंगर सर्वांचा, पायथा कोणाचा? फिनिक्सच्या कॅमलबॅक डोंगराच्या वाटांविषयी

सार्वजनिक डोंगर म्हणजे कोणीही यावे आणि चढावे, असे आपण समजतो. पण डोंगर सार्वजनिक असून भागत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचणारी वाटही सार्वजनिक असावी लागते. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात कॅमलबॅक नावाचा डोंगर आहे. बसलेल्या उंटासारखा दिसतो म्हणून हे नाव. हे सारे त्याच्या बाबतीत अक्षरशः खरे आहे. आपल्या अनेक वाचकांची मुले, भाचे, पुतणे आज त्या शहरात नोकरीला आहेत आणि उन्हाळ्याच्या सुटीत त्यांचे आईवडील तिकडे जातात. म्हणून हा विषय कुटुंबाच्या पानावर घेणे आम्हाला अगत्याचे वाटले.

प्रथम डोंगराची माहिती. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे २,७०० फूट. आकडा ऐकून आपल्याकडचा माणूस म्हणेल, यात काय विशेष? आपले कळसूबाई शिखर याच्या जवळपास दुप्पट उंच! परंतु येथे प्रश्न उंचीचा नसून चढाचा आहे. वायव्येकडील एको कॅनियनची वाट जेमतेम दोन किलोमीटरची आहे आणि तेवढ्यात सुमारे साडेबाराशे फूट चढायचे असते. काही ठिकाणी चढ इतका उभा आहे की लोखंडी कठडे धरून वर जावे लागते. दुसरी वाट पूर्वेकडून येते, तिचे नाव चोला. ती अडीच किलोमीटरच्या आसपास आहे. सुरुवातीला ती बेताची वाटते, पण शेवटच्या टप्प्यात धारेवरच्या दगडांवरून हातापायांनी चढावे लागते. माथ्यावर जाण्यासाठी याच दोन अधिकृत वाटा. सावली जवळजवळ नाही आणि पाणी तर नाहीच. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर पूर्वजांनी कातळात खोदलेली पाण्याची टाकी सापडतात. तशी सोय या डोंगरावर कोणी केलेली नाही.

वाटा दोनच का?

एवढ्या मोठ्या शहराच्या मध्यभागी असलेल्या डोंगराला दोनच वाटा का, याचे उत्तर इतिहासात आहे. १८७९ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष हेज यांच्या आदेशाने हा परिसर पिमा आणि मारिकोपा या तेथील मूळ रहिवाशांच्या राखीव प्रदेशात धरला गेला. सहाच महिन्यांत तो आदेश फिरवण्यात आला, राखीव प्रदेश आटला आणि डोंगर त्याच्या बाहेर पडला. पुढे जमिनीचे तुकडे खाजगी मालकीत गेले. १९६० च्या दशकापर्यंत जवळजवळ सारा डोंगर विकला गेला होता आणि घरे वर वर सरकू लागली होती. सोळाशे फुटांच्या वर बांधकाम होऊ नये म्हणून झालेले प्रयत्न १९६३ साली राज्याच्या विधिमंडळात फसले. १९६५ मध्ये बॅरी गोल्डवॉटर यांनी हा प्रश्न हाती घेतला. लोकांनी वर्गण्या दिल्या, केंद्र सरकारशी जमिनीची अदलाबदल झाली आणि १९६८ साली वरचा डोंगर शहराचे उद्यान झाला.

येथे नीट पाहावे. माथा वाचला, पण पायथा गेला तो गेलाच. आज डोंगराला चोहोबाजूंनी बंगल्यांचा वेढा आहे. एखाद्याला नकाशावर वाटले की अमुक गल्लीतून वर जाणे सोपे, तर ती गल्ली कोणाच्या तरी परसदारात संपते. तेथून जाणे म्हणजे परक्याच्या मालमत्तेत घुसणे, आणि तो गुन्हा आहे. शिवाय उंटाच्या डोक्याकडचा तांबडा खडक ठिसूळ आहे. पाय ठेवला की सुटतो. 'मधली वाट' शोधायला गेलेली माणसे अशाच जागी अडकतात आणि मग अग्निशामक दलाला दोर किंवा हेलिकॉप्टर आणावे लागते.

आता दुसरा दाखला पाहा. याच शहराच्या दक्षिणेला साउथ माउंटन आहे. १९२४ साली फिनिक्स शहराने केंद्र सरकारकडून तेथील तेरा हजार एकर जमीन सतरा हजार डॉलरला घेतली. आम्ही कारकुनी माणसे, हिशोब केल्याशिवाय राहवत नाही: एकरी भाव सव्वा डॉलरच्या आसपास पडतो. त्या वेळी काही जणांना हा पैसा माळरानात घालवल्यासारखा वाटला असेल. पण घरे येण्याआधी पायथ्यासकट डोंगर घेतल्यामुळे आज ते सोळा हजार एकरांहून मोठे उद्यान आहे. त्यात अनेक बाजूंनी शिरता येते, आणि डॉबिन्स लुकआउट नावाच्या, सुमारे २,३०० फुटांवरच्या ठिकाणापर्यंत डांबरी रस्ता जातो. एका डोंगराला वेळेवर पायथा मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही, एवढाच फरक. आपल्या वस्तीतले मैदान असो वा वाचनालयाची जागा, मोकळी जमीन स्वस्त आहे तोवरच तिच्याकडे जाणारा रस्ताही कागदावर आणून ठेवला पाहिजे, हा बोध त्यातून घ्यावा.

वाट बंद असेल तर

दोनच वाटा असल्या की एक बंद पडताच सारा भार दुसरीवर येतो. एको कॅनियनचा पायथा दुरुस्तीसाठी २०१३ मध्ये जवळजवळ वर्षभर बंद होता. २०१४ च्या आरंभी तो उघडला तेव्हा गाड्या उभ्या करण्याची जागा जवळपास दुप्पट झाली होती, तरी थंडीतल्या सुटीच्या सकाळी ती अजूनही लगेच भरते. चोलाची वाट २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली आणि २०२२ च्या ऑक्टोबरात नवे प्रवेशद्वार करून खुली करण्यात आली. तेथे वाहनतळ नाही. इन्व्हरगॉर्डन रस्त्याच्या कडेला गाडी लावून वस्तीतून पायी जावे लागते. दारासमोर गाडी लावल्याने रहिवाशांचा त्रागा होतो, म्हणून पाट्या वाचूनच गाडी उभी करावी. सर्वांत बरे म्हणजे कोणीतरी सोडून जावे आणि ठरल्या वेळी न्यायला यावे.

तिसरा बंद उन्हाचा. २०२१ पासून हवामान खात्याने तीव्र उष्णतेचा इशारा दिला की त्या दिवशी कॅमलबॅक आणि जवळचे पिएस्टेवा शिखर यांच्या वाटा शहर बंद करते. प्रथम ही बंदी सकाळी अकरा ते सायंकाळी पाच अशी होती. पुढे सुरुवातीची वेळ आणखी अलीकडे आणली गेली. निघण्याच्या दिवशी शहराच्या उद्यान खात्याची सूचना पाहूनच निघावे.

"ऊन आम्हाला शिकवता?"

आमची थोरली बहीण आणि भाऊजी मे महिन्यात मुलाकडे फिनिक्सला निघाले होते. भाऊजी निवृत्त शिक्षक, वय बासष्ट, तरुणपणी किल्ले चढलेले. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, तुम्हीच बाबांना समजावा. ते म्हणतात, कॅमलबॅक दुपारून करू, सकाळी गर्दी असते."

आम्ही भाऊजींकडे विषय काढला, तर ते हसून म्हणाले, "आम्ही नागपूरची माणसं. ऊन आम्हाला शिकवता?"

आम्ही म्हटले, "भाऊजी, नागपूर आणि फिनिक्स जवळजवळ सारख्याच उंचीवर आहेत, ऊनही तसेच भाजते. पण मे महिन्यात दुपारी बारा वाजता नागपूरचा कोणता माणूस डोंगर चढतो? तो घरात कूलरसमोर पन्हे पीत बसतो. आपल्याला ऊन कळते ते उन्हातून दूर राहण्यापुरते."

त्यावर ते काही बोलले नाहीत, पण वही मात्र पुढे ओढली. फिनिक्समध्ये २६ जून १९९० रोजी पारा ५० अंश सेल्सियसला टेकला होता. २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस तो ४३ अंशांच्या वर राहिला आणि त्या एका वर्षात मारिकोपा परगण्यात उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, आल्याबरोबर वाळतो. त्यामुळे शरीरातले पाणी किती गेले हे चढणाऱ्याला उमगत नाही.

मग आम्ही तिघांनी मिळून बेत आखला. पहिल्या दिवशी साउथ माउंटन, गाडीने डॉबिन्स लुकआउटपर्यंत. तेथून सारे शहर दिसते. बहिणीचे गुडघे दुखतात, तिला ते झेपण्यासारखे होते. दुसऱ्या दिवशी चोलाची वाट, उजाडताच सुरुवात, आणि दगडांची धार सुरू होण्यापूर्वीच्या खिंडीतून परत. माथा गाठायचा नाही, हे घरूनच ठरवले. भाऊजींनी ते पाळले. आठच्या आत दोघेही घरी चहा पीत होते, असे भाच्याने कळवले.

जाणाऱ्यांसाठी

१) शक्य असल्यास नोव्हेंबर ते मार्च या काळात जावे. उन्हाळ्यातच जायचे तर सूर्योदयाला वाट उघडते तेव्हाच चढावे. जूनमध्ये तेथे सव्वापाच-साडेपाचलाच उजाडते.

२) पाण्याचा जमाखर्च ठेवावा. जवळचे अर्धे पाणी संपले की जिथे असू तिथून मागे फिरावे. उरलेले अर्धे उतरण्यासाठी आहे.

३) एको कॅनियनला गाडीची जागा नसेल तर आडवाट शोधू नये. पिएस्टेवा शिखराकडे जावे. माथ्याची वाट तेथेही खडी आहे, पण फ्रीडम ट्रेल नावाची दुसरी वाट डोंगराला वळसा घालते आणि मुख्य वाटेला मध्यावर मिळते. ज्यांना माथा नको त्यांनी तीच धरावी. मात्र उन्हाचा इशारा असेल तर तेथेही बंदी असते.

४) चोला हे एका निवडुंगाचेही नाव आहे. त्याचे काटेरी गोळे कपड्याला चिकटतात. ते हाताने ओढू नयेत. खिशात मोठ्या दातांची फणी ठेवावी आणि तिने उडवावेत.

५) चपला-सँडल नकोत, पकड असलेले बूट हवेत. कुत्रा बरोबर नेऊ नये, या माथ्याच्या वाटांवर त्याला मनाई आहे.

६) डोके दुखले, मळमळले, अंगावर काटा आला किंवा बोलणे असंबद्ध झाले तर सावली शोधून बसावे, अंग ओले करावे आणि ९११ हा क्रमांक फिरवावा. संकोच करू नये.

घरातल्या वडीलधाऱ्यांना 'तुम्हाला जमणार नाही' असे सांगितले तर ते हट्टाने जातात. वही-पेन्सिल घेऊन त्यांच्याबरोबर वाटेचा, वेळेचा आणि पाण्याचा हिशोब मांडावा. बहुतेक वडील हिशोबापुढे नमतात, असा आमचा अनुभव आहे.