फणसाड ते वेळास : वसंतातील मुक्काम आणि भरतीचे गणित

बहिणाबाई चौधरी यांचे माहेर असलेले असोदा जळगाव शहराच्या अगदी जवळ, म्हणजे समुद्रापासून चांगलेच आत वसलेले आहे. जळगाव ते मुंबई हा लोहमार्गच सुमारे ४२० किलोमीटरचा भरतो. तरीही परीक्षा आटोपल्या आणि उन्हाचा पारा चाळिशीपलीकडे गेला की या परिसरातील मित्रमंडळींची पावले कोकणाकडे वळतात, आणि अलीकडे त्यांच्या सामानात तंबूही असतो. उघड्यावर एकत्र जमून रांधण्या-जेवण्याची सवय खानदेशाला नवी नाही. हिवाळ्यात शेतात तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून होणारी भरीत पार्टी हा तेथील रुळलेला रिवाज आहे आणि जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मात्र शेतातील हा अनुभव जंगलाच्या किनाऱ्यावर जसाच्या तसा चालत नाही, कारण तेथे जमीन, पाणी आणि रात्र यांवर आधीपासून इतरांचा हक्क असतो.

रायगड जिल्ह्यातील मुरूडजवळचे फणसाड अभयारण्य हे अशा किनारी अरण्याचे ठळक उदाहरण होय. जंजिऱ्याच्या नवाबांचे हे राखीव शिकारक्षेत्र १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. समुद्रापासून थोड्याच अंतरावर डोंगर चढू लागतात आणि त्यांवर ऐन, किंजळ, जांभूळ यांच्याबरोबर गारंबीचे वेल एका झाडावरून दुसऱ्या झाडावर दोरखंडासारखे पसरलेले दिसतात. चैत्रात कुसुंबाला लाल पालवी फुटते, अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी लगडतात आणि राज्यप्राणी शेकरू उंच शेंड्यावरून हिंडताना दिसू शकतो. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने येथील असंख्य झाडे उन्मळून पाडली. समुद्र जवळ असण्याची किंमत या जंगलाला अशीही मोजावी लागते.

अरण्यातील पाणवठ्यांना स्थानिक लोक ‘गाण’ म्हणतात. वैशाखात इतर ओहोळ आटले की सांबर, भेकर, रानडुक्कर आणि बिबट्या यांची भिस्त या मोजक्या गाणींवर असते, आणि नेमक्या याच दिवसांत पर्यटकही येतात. गाणीच्या काठी तंबू ठोकला तर माणसांच्या वावराने बिचकलेली जनावरे तहानलेलीच मागे फिरतात. म्हणून मुक्काम सुपेगावसारख्या, वन विभागाने सोय केलेल्या ठिकाणीच करावा, हा नियम जाचक वाटला तरी रास्त आहे. जाळाचेही तसेच आहे. पानगळीचा वाळका थर जमिनीवर साचलेला असताना एका ठिणगीने वणवा लागू शकतो, त्यामुळे भरिताची हौस गावातल्या चुलीवर भागवलेली बरी. खानदेशातून येणाऱ्यांची आणखी एक फसगत होते : किनाऱ्यावरील तापमान जळगावपेक्षा सात-आठ अंशांनी कमी असले तरी हवेतील बाष्पामुळे घाम वाळत नाही, शरीर थंड होण्याची क्रिया मंदावते आणि उकाडा सोसेनासा होतो, तेव्हा पाण्याचा साठा घरच्याइतकाच, किंबहुना जास्त, ठेवावा लागतो.

वाळूवर मुक्काम करायचा झाल्यास भरती-ओहोटीचे गणित टाळता येत नाही, आणि त्यासाठी पंचांग पुरते. पक्षातील तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हा कोकणातील जुना हिशेब आहे. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा व अमावास्येला सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येऊन पाणी सर्वाधिक चढते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ते सर्वात कमी चढते, त्याला भांग म्हणतात. या हिशेबातून निघणारी एक गोष्ट मात्र सहलीला आलेल्यांच्या ध्यानी सहसा येत नाही. उधाणाची भरती या किनाऱ्यावर दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते, म्हणजे चांदण्यासाठी पौर्णिमा निवडणाऱ्यांना सर्वात मोठ्या पाण्याशी गाठ झोपेत पडते. शिवाय संध्याकाळी सहा वाजता तंबू लावताना ओहोटी असल्यामुळे पुळण लांबरुंद आणि निर्धोक भासते. मागच्या भरतीने टाकलेल्या काड्या-शिंपल्यांची रेघ शोधून तिच्या बऱ्याच वर जागा पाहावी, परंतु तेथे पसरलेली मर्यादवेल तुडवू नये, कारण तिची मुळे वाळू धरून ठेवतात.

मुरूडहून दक्षिणेस आगरदांडा-दिघी आणि पुढे बागमांडला-वेश्वी अशा दोन फेरीबोटींनी खाड्या ओलांडल्या की रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येते. नाना फडणवीसांच्या या गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांच्या संरक्षणाचे काम उभे केले. मादी रात्री वाळूत साधारण दीड फूट खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परतते. कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचवण्यासाठी ती अंडी कुंपणातील कृत्रिम घरट्यांत हलवली जातात आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. वाळूची ऊब जास्त असेल तर माद्या अधिक निपजतात. जानेवारी २०२२ मध्ये येथील ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवून तिचा समुद्रातील माग घेण्यात आला.

अशा पुळणीवर तंबू, शेकोटी आणि बॅटऱ्यांचा झगमगाट या तिन्ही गोष्टी अस्थानी ठरतात. पिल्ले उजळ क्षितिजाच्या रोखाने चालतात, त्यामुळे मागच्या बाजूला दिवा असेल तर ती समुद्र सोडून जमिनीकडे वळतात. अंडी घालायला आलेली मादीही उजेड दिसल्यास आल्या पावली परतते. वेळासमध्ये पाहुण्यांची सोय गावकऱ्यांच्या घरीच होते आणि कासव जपण्यात गावाला गोडी वाटण्याचे तेही एक कारण आहे, म्हणून फणसाडपर्यंत वाहून आणलेला तंबू येथे गुंडाळलेलाच ठेवावा. घरट्यावर झाकलेली टोपली सकाळी आणि संध्याकाळी उचलून पाहतात, परंतु पिल्ले त्याच दिवशी निघतील याची हमी कोणी देत नाही. इतक्या लांबून येणाऱ्यांनी वेळाससाठी निदान दोन रात्री हाताशी ठेवाव्यात.